गावच्या घरात आईसाठी वेगळं मीटर घ्यायचंय. एजंट साडेआठ हजार मागतोय. स्वतः केलं तर जमेल का?

पसरणीचा_वारा (सोमवार, रात्री 10:42)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात, आई गावाला. गाव वाई तालुक्यात. घर आजोबांच्या वेळचं, मातीच्या भिंतींचं, मधोमध पार्टिशन. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला चुलत भाऊ, वहिनी, दोन पोरं आणि तीन म्हशी. मीटर एकच, तेही अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन चौदा वर्षं झाली, बिल मात्र दर महिन्याला त्यांच्याच नावाने येतं.

इतकी वर्षं बिल निम्मं निम्मं भरायचो, कुणाची तक्रार नव्हती. गेल्या दिवाळीत दादाने दोन हॉर्सपॉवरची कडबाकुट्टी बसवली आणि गणित फिसकटलं. कुट्टी सुरू झाली की आईच्या स्वयंपाकघरातला बल्ब पिवळा पडतो आणि टीव्ही बंद होतो. बिल दीडपट झालं. आईचं म्हणणं, "मी दोन बल्ब लावते आणि म्हशीच्या वैरणीचं बिल भरते." दादाचं म्हणणं, "काकूंचा फ्रीज चोवीस तास चालतो, तो कुणी मोजलाय का?" दोघंही आपापल्या जागी बरोबर. वाद वाढायच्या आत आईचं मीटर वेगळं करून टाकावं, असं मी आणि दादानेच ठरवलंय. भांडण नाहीये, हे आधीच सांगतो.

तालुक्याला एक एजंट भेटला. साडेआठ हजार सांगितले, "मीटरचे पैसे, टेस्ट रिपोर्ट, वायर, वरचा खर्च, सगळं आलं, तुम्ही फक्त आधारची झेरॉक्स द्या." कशाचे किती, विचारलं तर म्हणाला, "साहेब, काम झाल्याशी मतलब." हे वाक्य ऐकलं की मला धडकीच भरते.

माझे प्रश्न: अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो का? घर आजोबांच्या नावावर असताना आईच्या नावाने मीटर मिळेल का? पैसे नेमके कशाचे आणि कुठे भरायचे? जाणकारांनी प्रकाश टाकावा (शब्दशः सुद्धा).

हिशेबी_माणूस (सोमवार, रात्री 11:15)

द्या त्याला साडेआठ आणि मोकळे व्हा. मी मागच्या वर्षी सहा दिले, अकराव्या दिवशी मीटर लागलं. पुण्याहून वाईला दोन फेऱ्या, दोन रजा, डिझेल धरा. तेवढेच होतात.

मुलुंड_लोकल (सोमवार, रात्री 11:31)

ऑनलाइन होतं, मी केलंय. महावितरणच्या वेबसाइटवर किंवा त्यांच्या मोबाइल अ‍ॅपवर 'नवीन वीजजोडणी' आहे, तिथे अर्ज भरून कागद अपलोड करायचे. पण माझा फ्लॅट, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा कागद) माझ्या नावावर, मीटर खोलीत जागा तयार. तुमच्यासारखं आजोबांचं प्रकरण नव्हतं. ('मुंबईत महावितरण कुठे' विचारणाऱ्यांसाठी: मुलुंड-भांडुप महावितरणकडेच आहे. शहरात बेस्ट, बाकी उपनगरांत अदानी आणि टाटा.)

टेस्टरिपोर्ट_काकू (मंगळवार, सकाळी 6:50)

पसरणीकर, थांबा, इतक्यात कुणाला पैसे देऊ नका. जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आमचे हे परवानाधारक विद्युत ठेकेदार होते. बावीस वर्षं त्यांची कागदपत्रं मी केली. ए-वन अर्ज (नव्या जोडणीचा) भरणं, टेस्ट रिपोर्ट लिहिणं, कोटेशन (किती पैसे भरायचे ते सांगणारा कंपनीचा कागद) आलं की गिऱ्हाइकाला फोन करणं, सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर. हे गेले त्याला चार वर्षं झाली, पण गावातले लोक अजून कागद घेऊन माझ्याकडेच येतात. आता अर्ज ऑनलाइन असतात, मी नातवाच्या मोबाइलवरून भरून देते. पैसे घेत नाही. कुणी भाजी आणून दिली तर घेते.

पहिल्यांदा नावाचं बघू, कारण गावाकडचे निम्मे अर्ज तिथेच अडकतात. अर्जाला मुळात दोन गोष्टी लागतात: माणूस कोण त्याचा पुरावा, आणि जागा त्याची किंवा त्याच्या ताब्यात असल्याचा पुरावा. आईचं आधार आहे, पहिलं झालं. दुसऱ्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढा. नीट ऐका, नमुना 8, घराच्या आकारणीचा, ज्यावर घरपट्टी बसते तो. लोक तलाठ्याकडून 8अ घेऊन येतात. तो शेतजमिनीच्या खात्याचा, त्याचा इथे उपयोग नाही. माझ्याकडे वर्षाला चार-पाच जण तरी चुकीचा आठ घेऊन येतात.

तुमच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव असणार. मग दोन वाटा. एक, ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, नाव बदललंय) मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन उताऱ्यावर वारसांची नावं लावून घ्या. जमलं तर दोन भागांची घरपट्टी वेगळी करून घ्या, ते उत्तमच. वेळ लागतो पण एकदाच लागतो. दुसरी वाट संमतीपत्राची. दादा आणि बाकीचे वारस (आत्या असतील तर आत्याही, त्यांना विसरू नका, त्याच पुढे रुसतात) लिहून देतात की या भागात अमुक राहतात, त्यांच्या नावे वीजजोडणी द्यायला आमची हरकत नाही. शंभराचा स्टँप शोधत फिरू नका. ऑक्टोबर 2024 पासून ती कामं पाचशेच्या स्टँपवर गेली. भांडण नाही म्हणताय ना, मग आजच सह्या घ्या. भांडण नाही तोवरच सह्या मिळतात.

जुन्या मीटरची थकबाकी शून्य करून ठेवा. एकाच घरात दुसरी जोडणी मागितली की आधी तेच बघतात. आणि आईचा भाग खरोखर वेगळा दिसला पाहिजे: वेगळं दार, वेगळी चूल. पाहणीला येणारा माणूस स्वयंपाकघर कुठाय तेच विचारतो. एकाच घरात दोन मीटर घेऊन युनिटं वाटायची आणि कमी युनिटांच्या स्वस्त दरात बसायचं, असं करणारे महाभाग असतात, म्हणून.

आता पैसे. "मीटरचे पैसे" हा एजंटचा पहिला शब्द, आणि तोच खोटा. साध्या घरगुती जोडणीला मीटर वीज कंपनीच देते, ते कंपनीच्याच मालकीचं राहतं, त्याची वेगळी किंमत तुमच्याकडून घेत नाहीत. कायद्यात (2003 चा वीज कायदा, कलम 55) ग्राहकाला स्वतः मीटर विकत घ्यायची मुभा आहे, पण ते तुमच्या मर्जीने. मीटर हरवलं किंवा तुमच्या चुकीने जळलं तर मात्र किंमत भरावी लागते. तुम्ही भरायचं ते कोटेशनवर छापून येतं: अर्जाची प्रक्रिया फी, जोडणीचा खर्च म्हणजे सर्व्हिस कनेक्शन चार्ज, आणि सुरक्षा ठेव. जोडणीचा खर्च वीज नियामक आयोगाने भारानुसार ठरवून दिलेला असतो, साहेबाच्या मनावर नसतो. ठेव तुमचीच असते. 2021 च्या नियमांपासून ती साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी धरतात. तिच्यावर वर्षाला व्याज मिळतं, जोडणी बंद केली की ती परत मिळते. पावती जपून ठेवा. आमच्या गल्लीत एकाने ठेवीची पावती लॅमिनेट करून देवघरात लावलीय.

कोटेशन हातात नसताना कुणालाही एक रुपया देऊ नका. आल्यावर त्यावरचा आकडा वेबसाइटवर ऑनलाइन भरा, नाहीतर कंपनीच्या भरणा केंद्रावर भरा आणि पावती घ्या. कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवर नाही.

भाराचं पान भरताना लोक दोन बल्ब एक पंखा लिहून मोकळे होतात. तसं करू नका. आईकडे काय आहे ते मोजा. एलईडी 9 वॉटचे सहा झाले 54. पंखे दोन, 75 प्रमाणे 150. फ्रीज 200, टीव्ही 100, मिक्सर 500, इस्त्री 1000. झाले 2004. थंडीत गीझर लावणार असाल तर आणखी 2000, म्हणजे चार किलोवॉट. आजच लिहा, पुढे भार वाढवून घ्यायला पुन्हा अर्ज नको.

खांबाचं अंतरही आजच मोजून ठेवा. दादाला सांगा, दोरी घेऊन खांबापासून आईच्या दारापर्यंत. वायर शेजाऱ्याच्या छपरावरून जाणार असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला, वायरमन शिडी लावून उभा असताना नाही.

टेस्ट रिपोर्टचं रात्री लिहिते. नातवाला शाळेत सोडायचंय. तेच खरं महत्त्वाचं आहे.

कलम_त्रेचाळीस (मंगळवार, सकाळी 9:20)

काकूंनी सगळं सांगितलंय, कायद्याचं तेवढं जोडतो. वीज कायद्याच्या कलम 43 प्रमाणे मालक असो वा ताबेदार, पूर्ण अर्ज आल्यापासून महिन्याच्या आत वीज द्यायचं बंधन आहे. म्हणजे फक्त 'मालक' नाही, तुमच्या आईसारखा तिथे राहणारा माणूसही मागू शकतो. केंद्राने 2020 मध्ये ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले, 2024 मध्ये त्यात मुदत कमी केली: महानगरांत 3 दिवस, नगरपालिका हद्दीत 7, ग्रामीण भागात 15, डोंगराळ ग्रामीण भागात 30. लाइन किंवा खांब वाढवावा लागणार असेल तर गणित वेगळं. मोजणी *पूर्ण* अर्जापासून होते, म्हणून एकही कागद अर्धवट देऊ नका.

काही अडलं तर 1912 वर तक्रार आणि तिचा नंबर. तरी नाही झालं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्याच्यावर विद्युत लोकपाल. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. वकील लागत नाही.

थकबाकीबद्दल: 'ती आजोबांची, आईची नाही' असा वाद घालू नका. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय की नियमांत तशी तरतूद असेल तर जागेवरची जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी नाकारता येते. ते तर लिलावात जागा घेणारे परके होते, तुम्ही वारस आहात.

हिशेबी_माणूस (मंगळवार, दुपारी 1:05)

बघा, म्हणजे उतारा, संमतीपत्र, आत्या, दोरी, शेजारी. एजंटला हे काही लागत नाही. माझ्याकडे तर घर बघायलाही कुणी आलं नव्हतं, टेस्ट रिपोर्ट घरपोच.

टेस्टरिपोर्ट_काकू (मंगळवार, रात्री 9:10)

हिशेबी भाऊ, "घर बघायलाही कुणी आलं नाही" हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. मी तेच वाचून दुपारपासून अस्वस्थ आहे.

टेस्ट रिपोर्ट म्हणजे परवानाधारक ठेकेदार सही करून सांगतो की या घराचं वायरिंग मी तपासलं, अर्थिंग आहे, करंट कुठे गळत नाही. ते तपासायला मेगर लागतो. आमच्या ह्यांचा जुना, हाताने हँडल फिरवायचा, काळ्या डब्यातला. हँडल फिरवलं की 500 व्होल्ट तयार होतात आणि काचेतला काटा सांगतो वायरीचं इन्सुलेशन किती चांगलं आहे. चांगल्या घरात काटा अनंताच्या खुणेला जाऊन टेकतो. एक मेगओहमच्या खाली आला की सही नाही.

एकदा भर जुलैत अशाच एका मातीच्या घरात गेलो होतो. मी सोबत, कारण तिथून पुढे देवाला जायचं होतं. लाकडी पट्टीतलं जुनं वायरिंग, भिंत ओलीगच्च, बोट लावलं तर माती यायची. हे हँडल फिरवतायत आणि काटा शून्याकडे सरकतोय. थांबले, रुमालाने हात पुसला, पुन्हा फिरवलं. तेच. घरमालकाने कोटेशन भरलेलं, मीटर मंजूर, फक्त आमची सही राहिलेली. तो म्हणाला, "राव, सही तर करायचीय." हे म्हणाले, "तुमच्या नातीने ओल्या हाताने हे बटण दाबलं तर माझी सही काय धरायला येणार आहे?" आणि बाहेर आले. देवाला गेलोच नाही, दोन तास कपाटामागची वायर शोधत बसले. उंदराने कुरतडलेली निघाली, उघडी तांब्याची तार ओल्या भिंतीला टेकलेली.

घरपोच येणाऱ्या टेस्ट रिपोर्टमध्ये हे दोन तास नसतात. परवान्याची झेरॉक्स, त्यावर सही, बस.

पसरणीकर, तुमचंही घर मातीचं, वायरिंग आजोबांच्या वेळचं आणि कुट्टी लागली की आईचा बल्ब पिवळा पडतो. बल्ब पिवळा पडतो ते दोन हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना एकदम खूप करंट ओढते म्हणून. वायर बारीक किंवा जोड सैल असेल तर दाब (व्होल्टेज) आणखीच पडतो. वेगळं मीटर घेतलंत आणि आतली वायर तीच ठेवलीत तर बिल वेगळं होईल, धोका नाही होणार. तेव्हा एजंटचे साडेआठ हजार आहेत असं समजा आणि ते असे खर्च करा:

आईच्या भागाचं वायरिंग मीटरपासून नवीन, दादाच्या भागाशी एकही वायर सामाईक नको. न्यूट्रलसुद्धा. अर्थिंगचा वेगळा खड्डा, कोळसा-मीठ घालून किंवा तयार केमिकल अर्थिंग, पण खरोखर खड्डा. भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळलेली तार नाही. मीटरनंतर लगेच मेन स्विच आणि करंट गळला की झटक्यात बंद करणारं ईएलसीबी (दुकानात आरसीसीबीही म्हणतात), 30 मिलिअँपिअरचं. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला आईंना शिकवा. मग गावातल्याच एखाद्या परवानाधारक ठेकेदाराला बोलवा, परवान्याची मुदत बघा, समोर मेगर लावायला सांगा. तो जे घेईल ते त्याच्या कष्टाचे, त्याला घासाघीस करू नका.

सर्व्हिस वायरचं काम कंपनीच्या परवानगीने आपल्याच ठेकेदाराकडून करून घेता येतं. मग जोडणीच्या ठरलेल्या खर्चाऐवजी त्याच्या 1.3 टक्के देखरेख शुल्क भरायचं आणि वायरचा खर्च आपला. दहा-पंधरा फुटांवर खांब असेल तर मी म्हणेन कंपनीलाच करू द्या.

तेरेखोल (मंगळवार, रात्री 9:48)

काकू, मी पलीकडच्या काठावरचा, पेडण्यातला. आमच्याकडे कंपनी नाही, गोवा सरकारचं वीज खातंच आहे, दर ठरवणारा आयोगही वेगळा. पण तो उंदीर मात्र आमच्याकडेही तोच. आजच घरातला मेगर करून घेतो.

पसरणीचा_वारा (मंगळवार, रात्री 11:20)

काकू, काय बोलू. दादाला फोन केला. त्याने लगेच टॉर्च घेऊन आईच्या बाजूचा बोर्ड उघडला. आत सापाची कात निघाली. बिनवापराची होती, पण आई आता त्या बोर्डाला हात लावायला तयार नाही.

आत्या दोन आहेत. धाकटी "सही कशासाठी, आधी मला घर दाखव" म्हणतेय. शनिवारी जातोय.

टेस्टरिपोर्ट_काकू (बुधवार, सकाळी 6:35)

धाकट्या आत्यांना गाडीत घालून न्या. माहेरचं घर बघायला मिळालं की सही आपोआप होते.

*(सोळा दिवसांनी)*

पसरणीचा_वारा (शुक्रवार, रात्री 9:05)

धागा वर काढतोय, काम पुढे सरकलं म्हणून.

आत्या आली, अंगणातल्या पेरूखाली बसून अर्धा तास रडली, मग सही केली आणि जाताना सहा पेरू घेऊन गेली. ग्रामपंचायतीत मीसुद्धा पहिल्यांदा 8अ च घेऊन गेलो होतो. काकूंचं वाचून. वाचून! तिथल्या बाईंनी हसत परत पाठवलं.

अर्ज आईच्या नावाने स्वतः भरला. अर्धा तास, त्यातले वीस मिनिटं नमुना 8 ची फाइल लहान करण्यात. अर्ज क्रमांक एसएमएसने आला. पाहणीला आलेल्यांनी काकू म्हणाल्या तसं पहिल्यांदा चूल बघितली. मग कोटेशन. सगळं धरून एजंटच्या आकड्याच्या निम्म्यालाही पोचलं नाही, आणि त्यातला मोठा भाग ठेवीचाच. मीटरची किंमत म्हणून ओळच नव्हती. यूपीआयने भरले, पावती आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तिने छापून मागवली.

वायरिंगला मात्र एजंटपेक्षा जास्त गेले. ठेकेदार पाचवडजवळचा, मेगर घेऊन आला, हँडलवालाच. आईला म्हटलं बघ. काटा पहिल्यांदा अर्ध्यावर थांबला. न्हाणीघराची जुनी लाइन तोडून टाकली, मग टेकला.

मीटर काल लागलं. आता शंका अशी की दादाची कुट्टी चालू असताना आईच्या नव्या मीटरवरचा लाल दिवा पटापट लुकलुकतोय असं आईला वाटतं. तसं असेल का? की तिचा संशय?

टेस्टरिपोर्ट_काकू (शुक्रवार, रात्री 9:40)

संशय नाही म्हणता येणार, तपासा. आमच्याच पोऱ्याने एकदा एका चाळीत दोन खोल्यांच्या मीटरच्या बाहेरच्या वायरी उलट जोडल्या होत्या. सात महिने एकीचं बिल दुसरीने भरलं. कळल्यावर आम्ही दोघींचे हिशेब बसवून फरक खिशातून दिला.

सोपं आहे. आईंच्या घरातला मेन स्विच बंद करा. मग दादाला कुट्टी लावायला सांगा. आईंच्या मीटरचा दिवा लुकलुकला तर कुठेतरी वायर सामाईक राहिलीय. अजिबात लुकलुकला नाही तर सगळं ठीक, दाब पडल्याने डोळ्यांना तसं वाटत असेल. मग उलटं करा: दादाचा मेन बंद, आईंची इस्त्री चालू, दादाच्या मीटरकडे बघा.

मीटरचा नंबर, लागलं त्या दिवसाचं रीडिंग आणि सीलचा फोटो काढलात का? पहिलं बिल आलं की त्यावरचा मीटर नंबर त्या फोटोशी जुळवा. ग्राहक क्रमांक 12 आकडी असतो, तो मोबाइलशी जोडून घ्या. "आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" असले मेसेज आता आईंनाही येतील. कंपनीच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावात एमएसईडीसीएल (महावितरणचं इंग्रजी लघुनाव) असतं, साधा दहा आकडी मोबाइल नंबर नसतो.

पसरणीचा_वारा (शनिवार, दुपारी 12:15)

केलं. दोन्ही बाजूंनी. लुकलुकला नाही.

दादा कुट्टीपाशी, आई मीटरपाशी, वहिनी मध्ये उभी राहून "लावा... थांबा... आता बघा काकू" ओरडत होती, मी व्हिडिओ कॉलवर. फोटो काढलेत. ठेकेदाराने रीडिंग पेन्सिलने मीटरशेजारी भिंतीवर लिहून ठेवलंय, तारखेसकट. आईने त्याच्याखाली कोळशाने दादाच्या मीटरचंही लिहिलंय. का, विचारलं तर म्हणाली, "असू दे."

हिशेबी_माणूस (शनिवार, दुपारी 2:30)

काकू, मेगरवाला माणूस आमच्या बारामतीकडे कुणी माहीत आहे का?

टेस्टरिपोर्ट_काकू (शनिवार, दुपारी 3:10)

व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते. तोवर न्हाणीघरात चप्पल घालून जा.